दोऱ्यामुळे हिरडी दात सोडत नाही

कॅपचे माप घेताना हिरडीत दोरा भरला की हिरडी कायमची दात सोडते, हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो आणि त्यापायी अनेक जण उपचारच लांबणीवर टाकतात. तो चुकीचा आहे. तासलेल्या दाताची कड मापात स्पष्ट उमटावी, एवढ्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडसारख्या रक्त थांबवणाऱ्या द्रावणात भिजवलेला बारीक सुती दोरा दात आणि हिरडीमधल्या खाचेत काही मिनिटे ठेवतात, आणि खाच जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंदावली तरी काम भागते. आतले नाजूक अस्तर थोडे खरचटते, दुसऱ्या दिवशी ब्रश लागला की हुळहुळते, पण निरोगी हिरडी साधारण एक-दोन आठवड्यांत भरून येते.

हिरडी खरोखर मागे सरकते ती बहुधा आधीच सुजलेल्या किंवा फार पातळ हिरडीत दोरा जोराने कोंबल्यास, त्याचा तुकडा आत राहिल्यास, किंवा, आणि हे मला सर्वांत गंभीर वाटते, कॅपची कडच हाडाच्या फार जवळ नेल्यास. दोऱ्याऐवजी खाच रुंदावणारी पेस्ट वापरल्यास इजा कमी होते, मात्र कड खोल असेल तर पेस्ट अपुरी पडू शकते. काही दोऱ्यांत एपिनेफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारे आणि हृदयाचे ठोके वाढवू शकणारे औषध, असते. म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.