काटा नेमका कधी चढला?

मे महिन्यात कुंभार्ली घाटात गरम होऊन बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आमच्याकडे येतात. बॉनेट उघडण्याआधी आम्ही एकच विचारतो: डॅशबोर्डवरचा इंजिनच्या तापमानाचा काटा कधी चढला? निम्मं निदान त्या उत्तरातच असतं.

ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात हळू चालताना चढला आणि मोकळ्या रस्त्यावर उतरला, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर (रेडिएटर म्हणजे इंजिनचं गरम कूलंट गार करणारी जाळी, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव). गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, रांगेत तो फॅनलाच द्यावा लागतो. अशा वेळी आधी फ्यूज, रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि वायरिंग तपासायचं. नुसता रिले गेलेला असताना रेडिएटर बदलणं आम्हाला पटत नाही.

हायवेला वेगात असताना चढत असेल, तर कूलंट कमी आहे का, रेडिएटर चोक झालाय का, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का, हे पाहतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. आम्ही तसं करत नाही. मग इंजिन वेळेत तापत नाही आणि इंधन जास्त खातं.

कूलंट कमी होतंय पण गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाळ झालंय? मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांमधलं सील, गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत आणू नका. तशीच दामटली तर हेड बेंड होतं आणि खर्च कित्येक पट वाढतो.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. काटा एकाएकी खाली आला तरी निर्धास्त होऊ नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की तो खोटं दाखवू शकतो.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, म्हणूनच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. फॅन इंजिन बंद असतानाही फिरू शकतो, हात लांब ठेवा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

वाटेत साधं पाणी भरलं असेल तर संकोच न करता सांगा. अडचणीत तेच करावं लागतं. आम्ही ते काढून, सिस्टिम धुऊन, गाडीला चालणारं कूलंट भरून देतो.