‘टाइप 3 अ‍ॅक्रोमियन’ आला कुठून?
खांदा दुखतो म्हणून एक्स-रे काढला आणि अहवालात ‘टाइप 3 अ‍ॅक्रोमियन’ असं आलं, की पेशंट हबकतो. आत वळलेलं हाड कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) कापतंय, हे चित्र त्याच्या डोक्यातून सहजी जात नाही. खरं तर हे चित्र पन्नासएक वर्षांपूर्वीचं आहे.

अ‍ॅक्रोमियन म्हणजे खांद्याच्या माथ्यावर बोटाला लागणारं हाड. हात वर नेताना सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा त्याच्या खालून सरकते. 1972 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी खांद्याची 100 चपटी हाडं तपासली. 11 हाडांमध्ये अ‍ॅक्रोमियनच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला उंचवटे होते. कंडरा तिथेच घासते, असं त्यांनी मांडलं आणि तेवढाच भाग तासायची शस्त्रक्रिया सुचवली. आधी अख्खं अ‍ॅक्रोमियन किंवा त्याची बाहेरची बाजू काढत, त्यात डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा हात उचलणारा मोठा स्नायू, दुबळा होई. त्या मानाने हे मोठंच पाऊल होतं. पुढे 1983 मध्ये मात्र रोटेटर कफच्या (सुप्रास्पायनेटससह खांद्याभोवतीच्या कंडरांच्या वेढ्याच्या) 95 टक्के फाटी इम्पिंजमेंटमुळेच, म्हणजे हाडाखाली कंडरा घासल्यामुळेच, होतात, इथवर त्यांची मजल गेली.

1986 मध्ये बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांचे 140 खांदे पाहून तीन प्रकार पाडले: सपाट, वक्र आणि हुकासारखा; हा तिसरा म्हणजेच ‘टाइप 3’. कफ पूर्ण फाटलेल्या खांद्यांपैकी सुमारे 70 टक्के हुकासारख्या प्रकारात होते. संबंध दिसला, आणि त्यालाच कारण मानलं गेलं. माझ्या मते घोळ झाला तो इथे. खांदे होते वयस्कांचे. वयाबरोबर कंडराही झिजते आणि अस्थिबंध जिथे चिकटतो तिथे हाडही वाढतं. 1996 मध्ये निकोल्सन यांनी 420 हाडं तपासली, तेव्हा मूळ आकार वयाने बदलत नाही, पण टोकावरची वाढ वयासोबत वाढते, असं दिसलं. शिवाय एकच एक्स-रे दोन डॉक्टर वेगवेगळ्या प्रकारात टाकतात. आणखी एक गोष्ट: अनेक फाटी कंडरेच्या खालच्या, सांध्याकडच्या बाजूने सुरू होतात. हाड तर वरच्या बाजूला असतं! अमेरिकी शल्यचिकित्सक कॉडमन यांनी अशा फाटींचं वर्णन 1934 मध्येच केलं होतं.

तरी दुर्बिणीतून हाड तासणं सोपं झालं आणि शस्त्रक्रिया भराभर वाढल्या. इंग्लंडमध्ये 2000 साली वर्षाला अडीच हजारांच्या आसपास होत, 2010 मध्ये एकवीस हजारांवर गेल्या. मग ब्रिटनमध्ये 313 पेशंटांवर चाचणी झाली: काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं, काहींवर काहीच उपचार केले नाहीत. तासलेल्यांना नुसत्या दुर्बिणीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही. फिनलंडच्या चाचणीतही तेच दिसलं. 2019 मध्ये तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

आकाराचा विषय मात्र संपलेला नाही. 2013 पासून अ‍ॅक्रोमियन बाहेरच्या बाजूला किती पुढे येतं, ते कोनात मोजतात. हा कोन 35 अंशांहून मोठा असलेल्यांमध्ये कफची फाट जास्त आढळते. इथे बोट हुकाकडे नाही, डेल्टॉइडच्या ओढीच्या दिशेकडे आहे.