नॅनोने रस्ते तुंबवले? छे!

सोलापुरात नवी पेठेत गाडी अडकली की कुणीतरी हमखास म्हणतं, "टाटांनी लाखात गाडी दिली, तेव्हापासून हे असं." २००८ मध्ये नॅनो दाखवली तेव्हा ही भीती देशभर होती. ती खरी ठरलीच नाही.

गुजरातेत सानंदला नॅनोसाठी उभारलेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. एकाही वर्षी विक्री लाखापर्यंत गेली नाही, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. शिवाय 'लाख' ही मूळ किंमत. कर, वाहतूक धरून गाडी दारात लाखाच्या वरच पडायची. 'सगळ्यात स्वस्त' या शिक्क्यानेही गिऱ्हाईक बिचकलं. सुरुवातीच्या नॅनोत तर पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडावं लागे. पंपावर चारचौघांत ते कुणाला आवडणार?

मग कोंडी कशाची? नवी पेठेतच बघा ना: दुकानापुढे दुचाक्यांची दुहेरी रांग, तिला खेटून हातगाडा, सवारीसाठी मधेच थांबलेली रिक्षा. चारचाकीही आहेतच, पण त्यात नॅनो शोधावी लागते. पार्किंगला जागा नाही, धड बससेवा नाही, म्हणून घरटी दुचाकी. त्याचं खापर नॅनोवर कशाला?