जावळाच्या वजनाची चांदी

बाळ सात दिवसांचं झालं की आम्हा मुस्लिमांकडे अकीका हा जन्माचा विधी होतो. गेल्या वर्षी भाचीचं जावळ काढलं, ते कागदाच्या पुडीत बांधून मी स्वतः कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात नेलं. सराफाने काट्यावर ठेवलं, एवढंसं वजन. तेवढ्या चांदीचे पैसे गरजूला दान द्यायचे, ही रीत. नावही त्याच दिवशी ठेवलं. चांगलं नाव मिळणं हा लेकराचा आईबापावर हक्क मानला जातो.

या हक्कामागे सातव्या शतकातला अरबस्तान आहे. मुलगी झाल्याचं ऐकून बापाचं तोंड काळवंडतं, तो लोकांपासून लपत फिरतो, असं वर्णन कुरआनातल्या सूरह नहल या अध्यायात येतं. काही टोळ्या मुलींना जिवंत पुरत. सूरह तकवीर सांगते की कयामतच्या, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीलाच विचारलं जाईल, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं? बापाआधी तिला बोलतं केलंय. ही आयत, कुरआनातलं हे वचन वाचताना माझा आवाज आजही अडखळतो.

पैगंबर स्वतः पोरके होते. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी. अनाथाचा माल खाणारा पोटात आग भरतो, हे कुरआनचे शब्द म्हणूनच काळजाला भिडतात. सूरह बकरात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं दिली आहे, तोवर आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर. त्याआधी दूध तोडायचं तर दोघांच्या सल्ल्याने. एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत, नुमान बिन बशीर यांचे वडील एकट्या नुमानला दिलेल्या देणगीला साक्षीदार व्हा म्हणून पैगंबरांकडे आले. ‘सगळ्या मुलांना असंच दिलंस का?’ नाही म्हणताच पैगंबरांनी साक्ष नाकारली. जमीन वाटताना, कॉलेजची फी भरताना हा प्रश्न आपल्या घरांतही विचारायला हवा.

शिक्षणाचा धागा कोल्हापुरात पक्का झाला तो 1906 साली. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, खेड्यापाड्यांतली मुलं तिथं राहून शिकू लागली. महाराजांनी कुरआनचं मराठी भाषांतरही करवून घ्यायला घेतलं होतं. पुढे 1917 मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता.

दसरा चौकातून जाताना बोर्डिंगची इमारत आजही दिसते.