खेळण्यातलं शस्त्र आणि खरं शस्त्र : भाड्याने नेण्याआधी वाचा

आमचं ड्रेपरीचं दुकान कोल्हापुरात आहे. ऐतिहासिक नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, शिवजयंतीच्या मिरवणुका, मर्दानी खेळाची प्रात्यक्षिकं आणि लग्नातले नवरदेव यांच्यासाठी पोशाख आणि नकली शस्त्रं आम्ही भाड्याने देतो, काही विकतोही. काउंटरवर रोज एक प्रश्न येतो : "खोटीच तलवार आहे ना? मग आधार कार्डाची झेरॉक्स कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गर्दीच्या वेळी नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. पाच मिनिटं काढून वाचा आणि मंडळाच्या किंवा शाळेच्या इतर जबाबदार माणसांनाही द्या.

कायदा खोक्यावरचं नाव वाचत नाही

भारतात शस्त्रांचा मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, 1959. त्याच्या कलम 2 मध्ये शस्त्राची व्याख्या आहे आणि ती फार रुंद आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली, किंवा त्यासाठी बदलून घेतलेली, कोणत्याही प्रकारची वस्तू शस्त्र ठरते. बंदुका तर येतातच, धारदार आणि जीवघेणी हत्यारं येतात, शस्त्रांचे सुटे भागही येतात.

यातून दोन प्रकारच्या वस्तू वगळल्या आहेत. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार आपल्या कामाचा : ज्याचा खेळण्याखेरीज दुसरा काही उपयोग होऊच शकत नाही आणि ज्याचं चालत्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, असं आयुध.

दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. आज ती वस्तू निरुपद्रवी असणं पुरेसं नाही. उद्या कुणी ती कामाची करू शकेल का, हेही बघितलं जातं. 'खेळणं', 'शोपीस', 'सजावटीसाठी' असे शब्द विकणारा हवे तिथे छापू शकतो, कायद्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही. 2018 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी जप्त केले. घरपोच आलेलं पार्सल म्हणजे कायदेशीर माल, ही समजूत तेव्हाही चुकीची होती आणि आजही आहे.

तलवार, कट्यार, पट्टा

शस्त्र नियम, 2016 च्या अनुसूचीत बंदुकांव्यतिरिक्तच्या शस्त्रांची वेगळी यादी आहे. तीत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, फरशी यांची नावं आहेत. पुढे चाकू-सुऱ्यांसारख्या पात्याच्या हत्यारांसाठी मापं दिली आहेत : पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातला मोठा सुरा आणि ऊसतोडीचा कोयता यांना परवाना लागत नाही.

लग्नाच्या हंगामात एक गैरसमज फार आढळतो. कट्यारीचं पातं नऊ इंचांच्या आत बसतं, म्हणून ती चालते असं लोक मानतात. त्यावर विसंबू नका. यादीत खंजिराचं नाव स्वतंत्रपणे घेतलेलं आहे, आणि कट्यार ही खंजिराचीच जात. आमच्याकडची नवरदेवाची कट्यार म्यानातून बाहेर येतच नाही, कारण आत पातं नाही. मूठ आणि म्यान एकसंध आहे. वरून मखमल आणि जर, फोटोत अस्सल दिसते. वरात रस्त्यावर असताना, गर्दीत लहान मुलं असताना, एवढंच नवरदेवाच्या हातात असावं असं आमचं ठाम मत आहे.

खरा वाद होतो तो लोखंडी पण बोथट तलवारीवरून. "धारच नाही, मग शस्त्र कसं?" असं लोक विचारतात. कोर्टात हा मुद्दा मांडता येतो. पण पोलादी पात्याला सहाणेवर धार लावता येते, आणि रूपांतराची अट नेमकी इथेच आडवी येते. शिवाय दीड-दोन किलोचं बोथट लोखंडही डोकं फोडू शकतं. म्हणून आमच्या तलवारी लाकडी असतात, बेगड लावलेल्या, किंवा फायबरच्या. ॲल्युमिनियमच्या पात्याच्या थोड्या आहेत, त्यांचं टोक गोल केलेलं आहे आणि कडा दुमडलेल्या आहेत. त्या फक्त बंदिस्त रंगमंचासाठी देतो. लोखंडी पातं आम्ही ठेवत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना वजनदार तलवार हवी असते, हातात घेतल्यावर अंगात जोर येतो म्हणतात. ती हौस आम्हाला कळते, तरी आम्ही देणार नाही.

दांडपट्ट्याला महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला. आम्हा कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान आहे. इथल्या तालमींनी आणि वस्तादांनी मर्दानी खेळ जिवंत ठेवला म्हणून तो मान आला. मात्र त्या घोषणेने परवान्याचे नियम बदललेले नाहीत. प्रात्यक्षिक असेल तर वस्तादांच्या किंवा आखाड्याच्या नावाने पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच घ्या.

घरातल्या जुन्या तलवारीबद्दलही विचारणा होते, विशेषतः खंडेनवमीच्या आधी. अधिनियमाच्या कलम 45 मध्ये पुराण्या शस्त्रांना सूट आहे हे खरं, पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या आयुधांना आहे जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाहीत. तलवार जुनी झाली म्हणून सुटत नाही. पणजोबांची तलवार देव्हाऱ्यापाशी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून कागद नीट करून घ्या. आणि ती पॉलिशसाठी किंवा धारेसाठी आमच्याकडे आणू नका.

पिस्तुलं आणि बंदुका

टिकल्या फोडायचं पत्र्याचं पिस्तूल आणि प्लॅस्टिकची बंदूक ही खेळणी आहेत, त्यात शंका नाही. विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का तेवढा बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

पुढची पायरी म्हणजे धातूची, खऱ्याच्या वजनाची, हुबेहूब प्रतिकृती. 2016 च्या नियमांत अशा प्रतिकृतींचा आणि नुसता आवाज करणाऱ्या ब्लँक बंदुकांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. त्यांना टिकल्यांच्या पिस्तुलाच्या रांगेत बसवू नका. ब्लँक बंदूक आम्ही ठेवत नाही. तिच्यात गोळी नसली तरी दारू असते, आणि नळीच्या तोंडाशी निघणारा वायूचा झोत जीव घेऊ शकतो. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन अभिनेता चित्रीकरणाच्या सेटवर ब्लँक भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढल्यामुळे गेला. नाटकात गोळीचा आवाज हवा असेल तर तो ध्वनिमुद्रित वापरा. स्पीकर चांगला असेल तर प्रेक्षक दचकतातच.

एअरगनला ठरलेल्या मर्यादेपर्यंत परवाना लागत नाही : नळीचा व्यास 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि छर्‍याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत. पण तेवढ्याने ती खेळणं ठरत नाही. तो छर्रा पक्षी मारतो, डोळा कायमचा घालवतो. आमच्या दुकानात एअरगन मिळत नाही.

प्रतिकृतीत बदल करून ती चालती करण्याबद्दल कायदा सर्वांत कडक आहे. कलम 6 मध्ये नकली बंदुकीचं खऱ्यात रूपांतर करण्यावर नाव घेऊन निर्बंध आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आमच्या पिस्तुलांची नळी भरीव असते. परत आलेल्या पिस्तुलावर ड्रिलची किंवा कानसेची खूण दिसली तर आम्ही पोलिसांना कळवतो, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

दिवाळीत मिळणाऱ्या पाइपच्या कार्बाइड बंदुकीबद्दलही सांगायला हवं. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत, या बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पोरं वाकून नळीत बघतात, आणि तेव्हाच ती उडते. कृपा करून ही घरात आणू नका.

समोरच्याला काय वाटलं?

इथवर वस्तू कशी आहे ते बघितलं. पण रस्त्यावर भीती बसते ती दिसण्याने, आणि भारतीय न्याय संहितेत त्या भीतीलाही किंमत आहे. कुणी प्लॅस्टिकचं पिस्तूल रोखून पैसे काढून घेतले तर कलम 309 खाली ती जबरी चोरीच होते. समोरच्याला तत्क्षणी इजेची भीती वाटली, एवढं पुरतं. प्राणघातक हत्यार वापरल्याच्या जास्तीच्या शिक्षेतून खेळण्याचं पिस्तूल सुटू शकतं, मूळ गुन्ह्यातून नाही. पैशांचा संबंध नसला तरी धमकीसाठी कलम 351 आहे. लायटर असलेलं पिस्तूल कमरेला खोचून रील काढणाऱ्या मुलांना हे कुणी आधी सांगत नाही.

काही आयात पिस्तुलांच्या नळीला नारंगी टोक असतं. हे अमेरिकेतल्या कायद्यामुळे. तिथे नकली बंदूक ओळखू यावी म्हणून अशी खूण लागते. गिऱ्हाइकं आम्हाला ते टोक काळं करून द्यायला सांगतात. त्यांना आम्ही तामिर राइसबद्दल सांगतो. 2014 मध्ये क्लीव्हलंड शहरात हा 12 वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारं नकली पिस्तूल, घेऊन खेळत होता. त्या पिस्तुलाला नारंगी टोक नव्हतं. पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्या टोकाला आम्ही रंग लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

मिरवणूक आणि प्रवास

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 37 बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि मंडळं अडकतात ती यातच. सणासुदीला, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त बंदी आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, बंदुका, सुरे आणि लाठ्याकाठ्याही येतात. इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. शस्त्र अधिनियमातून सुटलेली लाठी इथे सापडते, शेतातला कोयताही सापडतो. आदेश मोडला तर कलम 135 खाली कारवाई होते. असे आदेश बहुधा पंधरवड्यापुरते निघतात आणि पुन्हा नव्याने काढले जातात, त्यामुळे मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं धरू नका. मिरवणुकीच्या परवानगी अर्जात चित्ररथावरची नकली शस्त्रं किती आणि कशाची आहेत ते लिहा.

विमानाने जाणार असाल तर नकली पिस्तूल हातातल्या बॅगेत चालत नाही, मुलाचं प्लॅस्टिकचं असलं तरीही. एसटीने किंवा दुचाकीने नेताना सगळं सामान आमच्या कापडी पिशवीत बांधून न्या. तलवार पाठीला लटकवून चौकातून जाऊ नका. ती लाकडी आहे हे लांबून कुणाला कळणार नाही.

आमच्याकडे काय लागेल

प्रौढ व्यक्तीचं ओळखपत्र, आणि कार्यक्रमाचं पत्र किंवा लग्नाची पत्रिका. शाळा असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र. अठरा वर्षांखालच्या मुलांना पिस्तूल किंवा तलवार एकट्याने देत नाही, मग घरून फोन आला तरी.

सोबत आम्ही शिक्क्याची भाडेचिठ्ठी देतो. तिच्यावर वस्तू कशाची बनली आहे, लांबी किती, किती नग आणि कोणत्या कार्यक्रमासाठी, हे लिहिलेलं असतं. वाटेत पोलिसांनी विचारलं तर वाद न घालता वस्तू खाली ठेवा, हात मोकळे दिसू द्या आणि चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे, पण तपासणाऱ्याला नेमकं काय समोर आहे ते तिच्यामुळे कळतं. चिठ्ठी हरवली तर दुकानातून दुसरी घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत. सामान कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत करा. मोडलेली तलवारही आणून द्या, तुकडे मंडपात टाकून येऊ नका.