उळ्यात दडलेला पांढरा कांदा

एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा उपटून पात कापली, की ढिगातला रंगाचा फरक लगेच नजरेत भरतो. समजा, निफाड किंवा चांदवड तालुक्यातल्या एका शेतात घरच्या उळ्यावर, म्हणजे कांद्याच्या बियाण्यावर, केलेल्या प्लॉटमध्ये १०० लाल कांद्यांमागे १ पांढरा निघतो. शेतकरी तो डोंगळ्याच्या, म्हणजे बी धरण्यासाठी पुन्हा लावायच्या, कांद्यांतून वेचून बाजूला टाकतो आणि दोन वर्षांनी पुन्हा तितकेच पांढरे दिसले, की दोष खताला नाहीतर शेजारच्या शेताला देतो. शेजारच्या शेताचा दोष असूही शकतो. पण बहुतेक वेळा पांढरेपणा त्याच्याच लाल कांद्यांत बसलेला असतो, आणि तो किती आहे याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

कांद्याच्या रंगावर निदान पाच जनुकांचा ताबा आहे. त्यातल्या एकाचे काम रंगद्रव्याची साखळी चालू करणे. हे जनुक प्रत्येक झाडात दोन प्रतींमध्ये असते, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत धड असली तरी कांदा लाल होतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच पांढरा. म्हणजे एक धड आणि एक बिघडलेली प्रत असलेला कांदा बाहेरून अस्सल लालच दिसतो. अशा कांद्याला वाहक म्हणतात.

आता हिशेब. पांढरे १ टक्का असतील, तर बिघडलेल्या प्रतींचे प्रमाण त्याचे वर्गमूळ, म्हणजे १० टक्के. वाहकांचे प्रमाण २ × ०.१ × ०.९, म्हणजे १८ टक्के. ढिगात पांढरा एक दिसतो, तेव्हा त्याच्याभोवती अठरा लाल वाहक बसलेले असतात. पांढरे सगळे वेचून काढले तरी पुढच्या पिढीत त्यांचे प्रमाण १ टक्क्यावरून ०.८३ टक्क्यावर येते. डोळ्यांना हा फरक जाणवणारही नाही. दर पिढीला न चुकता हेच करत राहिले, तर १० पिढ्यांनी पांढरे ०.२५ टक्क्यावर, म्हणजे ४०० ला एकावर येतात. उळ्यापासून कांदा आणि कांद्यापासून पुन्हा उळे, या एका फेऱ्याला दोन वर्षे लागतात. दहा पिढ्या म्हणजे वीस वर्षे.

हा हिशेब कांद्याला इतका चपखल लागू पडण्याचे कारण त्याच्या फुलात आहे. एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती दोन ते चार आठवडे क्रमाक्रमाने उमलत राहतात. प्रत्येक फुलात परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होते. त्यामुळे फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही. पराग दुसऱ्या फुलाकडून यावा लागतो. तो मुख्यतः सातेरी, फुलोरी आणि आग्या मधमाश्या आणतात. त्यांना बांध कळत नाही. म्हणूनच बीजोत्पादनाच्या नियमांत प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर ठेवायला सांगितले आहे. शेजारी पांढऱ्या कांद्याचे किंवा वेगळ्या वाणाचे डोंगळे असतील, तर पुढचे सगळे हिशेब फुकट जातात. आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. गावातल्या एका शिवारात एकच वाण फुलवायचा असे ठरले, तर यासारखी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

माश्यांबद्दल आणखी एक. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असते आणि मधमाश्यांना ते फारसे रुचत नाही. जवळ दुसरे फुललेले पीक असेल, तर त्या तिकडे वळतात. त्यात फुलकिड्यांसाठी ऐन फुलोऱ्यात सकाळी फवारणी केली, तर गोंडे मोठे दिसतात आणि आत दाणा भरलेला नसतो. फवारणी दांडे निघत असताना उरकावी. फुलोऱ्यात टाळता आलीच नाही, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी.

वीस वर्षांचे काम चार वर्षांत करता येते. त्याला जास्तीचे पैसे फारसे लागत नाहीत, लागते ती शिस्त. युक्ती एवढीच, की कांदा त्याच्या रूपावरून जोखायचा नाही, त्याच्या पोरांवरून जोखायचा.

साठवणीतून काढलेले २०० लाल कांदे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत ६० × ३० सेंटिमीटरवर लावावेत. कांदा ६० ते ८० ग्रॅमचा असावा. वरचा एक तृतीयांश भाग कापून बुरशीनाशकात बुडवला, की कोंब एकसारखे फुटतात. प्रत्येक कांद्याशेजारी आकडा टाकलेली खुंटी रोवावी. मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यांत काळे दाणे दिसू लागले, की प्रत्येक झाडाचे गोंडे वेगळ्या कागदी पिशवीत काढावेत आणि पिशवीवर तोच आकडा लिहावा. नेहमीच्या पद्धतीत सगळ्यांचे उळे एकाच गोणीत जाते आणि कोणती आई कशी होती, ही माहिती तिथेच कायमची बुडते.

प्रत्येक पिशवीतले १ ग्रॅम उळे पुरते, कारण १ ग्रॅममध्ये २५० ते ३०० दाणे असतात. एका आईची पोरे म्हणजे एक कुटुंब. दर कुटुंबाची १०० रोपे १५ × १० सेंटिमीटरवर स्वतंत्र ओळींत लावायची. २०० कुटुंबांची २०,००० रोपे होतात आणि त्यांना तीन गुंठे जागा लागते. काढणीच्या वेळी एकेक कुटुंब पाहायचे. आई वाहक असेल तर तिच्या निम्म्या बीजांडांत बिघडलेली प्रत जाते, आणि पांढरे आधीच वेचल्यामुळे शेतातल्या परागांत ती १० ऐवजी ९ टक्के असते. म्हणून तिच्या १०० पोरांत चार-पाच पांढरी निघतात. १०० रोपांत एकही पांढरा न निघता वाहक आई निसटून जाण्याची शक्यता साधारण १ टक्का. आई शुद्ध असेल, तर पांढरा मुळीच निघत नाही.

ज्या कुटुंबात एकही पांढरा दिसेल ते आख्खे कुटुंब, त्यातल्या देखण्या लाल कांद्यांसकट, बियाण्यातून बाद करायचे. अशी ३६ च्या आसपास कुटुंबे जातील. उरलेल्या १६४ कुटुंबांतून पुढचे डोंगळे लावायचे. त्यांत बिघडलेली प्रत फक्त बापाकडून आलेली असू शकते, म्हणून तिचे प्रमाण निम्म्यावर, साडेचार टक्क्यांवर येते आणि पुढच्या पिढीत पांढरे ०.२ टक्के, म्हणजे सुमारे ५०० ला एक उरतात. नुसते पांढरे वेचून इथवर यायला १२ पिढ्या लागल्या असत्या. बाद झालेले कांदे वाया जात नाहीत. ते बाजारात जातातच.

याच तीन गुंठ्यांत रंगापेक्षा मोलाची गोष्ट दिसते, ती म्हणजे डेंगळे. उन्हाळ कांद्यात पहिल्याच हंगामात फुलदांडा आला की कांदा पोकळ होतो, टिकत नाही आणि भाव पडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यामागची यंत्रणा उलगडली. थंडी लागली की एफटी-२ हे जनुक जागे होऊन फुलण्याचा हुकूम देते. दिवस लांबले की एफटी-१ कांदा भरण्याचा हुकूम देते. आणि एफटी-४ त्या दुसऱ्या हुकमाला रोखून धरते. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा एक आकडी होतो. त्या वेळी रोप पेन्सिलीइतके जाड झालेले असेल, तर थंडीचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून लवकर टाकलेल्या रोपात डेंगळे जास्त. पण एकाच दिवशी लावलेल्या शेजारच्या दोन ओळींत एकीत डेंगळे वीस आणि दुसरीत दोन असतील, तर तो फरक हवामानाचा नव्हे, आईबापांचा.

इथे एक घातक सवय सांगितलीच पाहिजे. पहिल्याच वर्षी आलेल्या डेंगळ्यांवरचे बी काढून ठेवले तर एक वर्ष वाचते, आणि उळे महाग असते तेव्हा हा मोह मोठा असतो. पण त्या बियांचे आईबाप म्हणजे शेतातली सर्वांत आधी फुलणारी झाडे. दर वेळी डेंगळे येणाऱ्यांचीच निवड होत जाते आणि काही पिढ्यांत वाण हातचा जातो. असे बी विकणे तर दुसऱ्याचा हंगाम बुडवणे आहे.

टिकाऊपणाची निवड कांदा साठवायच्या चाळीतच होते. काढणीला हवे त्याच्या चार-पाच पट कांदे बाजूला काढावेत, ऑक्टोबरपर्यंत ठेवावेत आणि तोवर न कोंबता, न सडता, घट्ट राहिलेलेच लावावेत. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राचा एन-२-४-१ हा वाण पाच-सहा महिने टिकतो. त्याच्या घरच्या उळ्यातून हा गुण ओसरला असेल, तर बहुधा ही चाळणी गाळली गेलेली असते. काढणीला निवड करताना बांधाकडेचे आणि विरळ जागेतले मोठे कांदे टाळावेत, कारण त्यांचे मोठेपण जागेमुळे आलेले असते आणि ते बियांत उतरत नाही. शेताचे ५ × ५ मीटरचे चौकोन कल्पून प्रत्येकातून सारखेच कांदे उचलावेत.

दहा-वीस अव्वल कांद्यांवरच बी धरले तर वेगळे संकट येते. जवळच्या नात्यातला संकर कांद्याला फार मारतो: उगवण घटते, रोप लुळे राहते, कांदा लहान पडतो. दर पिढीला नातेसंबंध वाढण्याचा वेग १ भागिले आईबापांच्या संख्येची दुप्पट, एवढा असतो. २५ कांद्यांवर तो २ टक्के, २०० वर पाव टक्का. म्हणून कुटुंबे कितीही गाळली, तरी निदान ५० कुटुंबे आणि एकूण २०० कांदे राखावेत.

विकतच्या संकरित वाणाचे उळे घरी धरून यातले काही साधत नाही. संकरित कांदा नरवंध्य आईपासून बनतो. तिच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात दोष असल्याने पराग तयार होत नाहीत, आणि हा दोष फक्त आईकडून पोरांत जातो. कॅलिफोर्नियात १९२५ मध्ये अशी झाडे सापडली आणि १९४३ पर्यंत जोन्स आणि क्लार्क या संशोधकांनी त्यांच्यावरून संकर करण्याची रीत बसवली. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे अर्का कीर्तिमान आणि अर्का लालिमा याच रीतीचे. अशा वाणाचे घरी धरलेले बी पुढच्या पिढीत फुटते: रंग, आकार, पक्व होण्याचे दिवस वेगवेगळे होतात, काही झाडे परागहीन निघतात. काही संकरित वाणांत तर पहिल्याच पिढीतली सगळी झाडे परागहीन असतात, आणि आसपास दुसरा कांदा फुललेला नसेल तर त्यांच्या गोंड्यांत दाणाच धरत नाही.

काढलेले उळे सावलीत वाळवून ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणावा आणि हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावे. साध्या गोणीत ठेवलेल्या उळ्याची उगवण वर्षभरात झपाट्याने घसरते. पेरणीआधी प्रत्येक पिशवीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजावेत. ७० पेक्षा कमी उगवले, तर ते प्रमाणित बियाण्याच्या किमान मापात बसत नाहीत.