सक्तीची नैतिक निवड (आरपीजी गेमचा शेवट)

रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून गोष्ट पुढे न्यायचा व्हिडिओ गेम) संपत आला की खेळणाऱ्यापुढे दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एकही धड चांगला नसतो आणि काहीतरी निवडल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही, ह्याला सक्तीची निवड म्हणतात.

सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ड्रॅगन एज: ओरिजिन्स (२००९). आर्चडीमनवर (राक्षसी फौजेच्या म्होरक्या ड्रॅगनवर) शेवटचा घाव घालणारा ग्रे वॉर्डन (ह्या राक्षसांशी लढणारा योद्धा, खेळणाराही त्यांतलाच) स्वतःही मरतो, कारण त्या राक्षसाचा आत्मा त्याच्यात शिरतो. आदल्या रात्री मॉरिगन ही सोबतची जादूगारीण येऊन सांगते की एका वॉर्डनपासून मला मूल राहू दे, आत्मा त्या मुलात जाईल आणि कोणीच मरणार नाही, पण त्या मुलाचं पुढे ती काय करणार हे ती सांगत नाही. त्यात लोगेन, म्हणजे रणात राजाला सोडून फौज घेऊन निघून गेलेला सेनापती. त्याला जिवंत ठेवलं तर सोबतचा वॉर्डन अ‍ॅलिस्टर चिडून साथ सोडतो, आणि वॉर्डन झालेला तोच लोगेन शेवटी स्वतःहून तो घाव घालून मरायला तयार होतो. मग तो गद्दार की देशासाठी झटणारा? गेम निकाल देत नाही, आणि तेच बरोबर आहे. आमच्या गोव्यात देवळातल्या उत्सवी नाटकांत कर्ण दुर्योधनाची बाजू सोडत नाही तरी लोक त्याच्यासाठी डोळे पुसतात, तसलंच हे पात्र, म्हणून फोंडा-म्हापशाकडची खेळणारी पोरं लोगेनवरून अजून तावातावाने भांडतात.

फॉलआउट ३ (२००८) मध्ये मात्र सक्ती नुसती लादलेली वाटते. शेवटी रेडिएशनने भरलेल्या खोलीत कोणीतरी जाऊन मरायचं असतं. सोबतचा फॉक्स सुपर म्युटंट (शरीर बदलून राक्षसासारखा झालेला माणूस), रेडिएशनचा त्याला काहीच त्रास नाही, आधी तसल्याच जागेतून त्याने आपल्याला वस्तू आणून दिलेली असते, आणि इथे तो म्हणतो हे तुझंच नशीब! २००९ च्या ब्रोकन स्टील ह्या जोडभागात त्याला आत पाठवायची सोय झाली. सक्ती गोष्टीतून यायला हवी, लेखकाच्या सोयीतून आली की खेळणाऱ्याला लगेच कळतं.

मास इफेक्ट ३ (२०१२) वर तर लोक भयंकर चिडले, कारण तीन गेमभर केलेल्या निवडी शेवटी रीपरना (सगळ्यांना संपवायला आलेल्या यंत्रांना) नष्ट करा, त्यांचा ताबा घ्या नाहीतर यंत्रांशी एकरूप व्हा एवढ्यावर आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये फुकट आलेल्या एक्स्टेंडेड कट ह्या वाढीव शेवटात तिन्हींना नकार द्यायची सोय झाली, पण नकार दिला की रीपर जिंकतात.